अस्सल आणि डुप्लिकेट : एका मोटारीच्या चार दरवाजांचा इतिहास

आमच्या घरी १९७८ सालची एक प्रीमियर पद्मिनी आहे. सासऱ्यांनी ती हौसेने वापरली आणि त्यांच्यामागे ती आमच्याकडे आली. काही वर्षे ती चिंचवडच्या आमच्या इमारतीखाली ताडपत्री पांघरून उभी होती. गेल्या पावसाळ्यात चारही दरवाजांच्या काचा खाली सरकेनात, आणि एक सरकली ती वर येईना. तेव्हा गाडी दुरुस्तीला काढली. काचेची यंत्रणा दरवाजाच्या पोटात असते. तिच्यापर्यंत पोचायचे तर दरवाजा उघडण्याचे आतले हँडल, काच फिरवण्याची दांडी, हात टेकायची पट्टी आणि शेवटी रेक्झिन चढवलेला पुठ्ठा हे सारे क्रमाने उतरवावे लागते. हे काम मी जवळच्याच एका वयस्क मिस्त्रींच्या हाताखाली बसून केले. मराठी वाङ्मय शिकवणाऱ्या माणसाने याविषयी लिहावे असे त्यात काही असेल, असे आरंभी वाटले नव्हते. चौथा दरवाजा उघडून झाला तेव्हा मात्र लक्षात आले की आपण वर्गात ज्याला पाठचिकित्सा म्हणतो तिचे बहुतेक प्रश्न या गॅरेजच्या फरशीवर मांडलेले आहेत. मूळ कोणते, प्रक्षिप्त कोणते, आणि मुळाच्या शोधात मधल्या पिढ्यांनी घातलेली भर पुसून टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, हे ते प्रश्न होत.

प्रथम काम कसे चालते ते सांगितले पाहिजे, कारण पुढचा विचार त्या कामातूनच आला आहे. त्या काळच्या मोटारींत काचेची दांडी दरवाजातून बाहेर डोकावणाऱ्या एका दातेरी पोलादी आसावर बसवलेली असते. दांडी आणि पुठ्ठा यांच्यामध्ये एक छोटी गोल बशी असते. दांडी आसावरून निसटू नये म्हणून तीन युक्त्या प्रचारात होत्या. एक, दांडीच्या मानेतून आरपार घातलेली बारीक खीळ. दोन, दांडीच्या मागे खोबणीत बसणारी, घोड्याच्या नालेच्या आकाराची स्प्रिंगची क्लिप. तीन, सरळ समोरून दिसणारा स्क्रू. खिळीची जोडणी असेल तर बशी पुठ्ठ्याकडे दाबून धरायची, म्हणजे खिळीचे टोक दिसते, आणि मग बारीक पंच व हलकी हातोडी यांनी ती हळूच बाहेर ठोकायची. क्लिप असेल तर दांडीमागे जुने फडके घालून ते दोन्ही हातांनी डावीउजवीकडे ओढत राहायचे. फडक्याचा धागा क्लिपेच्या टोकाला अडकतो आणि ती टणकन उडते. उडाली की शोधत बसावे लागते, म्हणून मिस्त्रींनी खाली जुनी चादर अंथरली होती.

पहिल्याच दांडीला मी घाई केली. बशी न दाबता मी पेचकस घालून तिला उचकटू लागलो आणि दांडी मानेपाशी मोडली. मिस्त्री रागावले नाहीत. “सर, आधी बघायचं, मग हात लावायचा,” एवढेच म्हणाले. मोडलेल्या जागी धातू करडा आणि दाणेदार दिसत होता. वरचा क्रोमचा मुलामा चांदीसारखा, आत जस्ताचा ओतीव मिश्रधातू. कामगार त्याला ‘मॅझॅक’ म्हणतात. हा धातू साच्यात सहज ओतता येतो आणि त्यावर मुलामाही सुरेख बसतो. पण वर्षानुवर्षांच्या दमटपणाने तो आतून फुटू लागतो आणि मुलाम्याखाली बारीक पुटकुळ्या उठतात. शिवाय आतला आस पोलादी असल्याने झीज होते ती दांडीच्या मऊ दात्यांची. यात शहाणपणही आहे. आतली महाग यंत्रणा टिकावी म्हणून बाहेरच्या स्वस्त दांडीने झिजावे, अशी ती रचना आहे. अट एवढीच की झिजलेल्या दांडीच्या जागी दुसरी मिळाली पाहिजे.

चार दरवाजे उघडल्यावर जे दिसले ते असे. डाव्या पुढच्या दरवाजात खिळीची जोडणी होती, आणि खिळीची टोके इतकी गंजून बसलेली की तिला याआधी कोणी हात लावला नसावा. उजव्या पुढच्या दरवाजाची, म्हणजे चालकाच्या बाजूची, दांडी दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीची होती. तिचे दाते आसाशी जुळावेत म्हणून मध्ये पत्र्याची पातळ चकती गुंडाळलेली होती. मागच्या उजव्या दरवाजात स्क्रूची, बहुधा बाजारात ‘लोकल’ म्हणून विकली जाणारी दांडी होती. मागच्या डाव्या दरवाजात तर दांडीच नव्हती, आणि काच वर राहावी म्हणून आतून लाकडी ठोकळा लावलेला होता. पुठ्ठा काढल्यावर त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले सापडले : ‘डा. मा. काच बंद. ठोकळा. ९/९४’. खाली नाव नाही. हस्तलिखिताच्या शेवटी लेखक तिथी-वार लिहून पुष्पिका जोडतो, तिची आठवण झाली. फरक एवढा की आमचे पोथीकार नाव लिहितात, हा कारागीर लिहीत नाही.

मिस्त्रींना मी विचारले की यातले मूळ कोणते. त्यांनी डाव्या पुढच्या दरवाजाकडे बोट दाखवले. मग थोडे थांबून म्हणाले, “पण चालला तो उजवा.” डावा दरवाजा मूळ राहिला कारण त्या बाजूची काच क्वचितच कोणी उघडली होती. उजव्या बाजूची काच रोज उघडली-मिटली, म्हणून झिजली, म्हणून बदलली. वापर जिथे जास्त, तिथे मूळ टिकत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे नवे नाही. जी ओवी घरोघर म्हटली जाते तिचे पाठभेद अधिक होतात, आणि जी पोथी कपाटात बंद राहते ती ‘शुद्ध’ राहते.

मुळाचा प्रश्न एका दांडीपुरता राहिला असता तर सोपा होता. पण ही गाडीच मुळात कोणाची? सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याला अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या मोटारी व ट्रक जुळवून बाहेर पडू लागले. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ पासून इथे फियाट ११०० येऊ लागली. तिच्या गोलसर, पुढे नाक काढलेल्या आकारामुळे मराठी माणसाने तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले, आणि ते नाव कंपनीच्या सर्व नावांपेक्षा जास्त टिकले. त्या गाडीचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला असलेले होते. १९६४ च्या सुमारास चौकोनी घडणीची ११०० डी आली. इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये संपले. कुर्ल्यात मात्र १०८९ सी.सी.च्या त्याच इंजिनाची ती गाडी चालू राहिली. परक्या नावाचा करार सरल्यावर ती काही काळ ‘प्रेसिडेंट’ झाली, आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. जायसीच्या ‘पद्मावत’ची नायिका अशा रीतीने बोनेटवर येऊन बसली. शतक बदलत असताना तिचे उत्पादन थांबले. म्हणजे मूळ देशात मेलेली गाडी इथे आणखी तीन दशके जगली. हिला इटालियन गाडीची नक्कल म्हणावे, की शाखा म्हणावे? मूळ प्रत नष्ट झाल्यावर जी परंपरा पुढे लेखन करीत राहते, तिला आपण नक्कल म्हणून हिणवत नाही.

इथे शासकीय धोरणाचा भाग समजून घेणे आवश्यक आहे. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले की नुसते परदेशी सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना या देशात जागा नाही, भाग इथेच घडवले पाहिजेत. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी तेव्हा आपले येथील जुळणीचे कारखाने बंद केले. राहिल्या त्या कंपन्यांना एकेक भाग क्रमाक्रमाने देशी करावा लागला. काचेची दांडी, कुलूप, बिजागरी, रबराची पट्टी यांचे कोणी तरी इथे साचे कोरले, ओतले, घासले, मुलामा दिला. देशीकरण हा शब्द आपण अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. प्रत्यक्षात तो अशा शेकडो क्षुल्लक वस्तूंच्या भाषांतरांचा समुच्चय होता. इटालियन नकाशावरची मापे भारतीय लेथवर उतरताना थोडी बदलली, धातू बदलला, जाडी बदलली. कुर्ल्याची दांडी ही तूरिनच्या दांडीचे भाषांतर होते. भाषांतरालाही कालांतराने मुळाचा मान मिळतो, आणि मिस्त्री ज्याला ‘ओरिजिनल’ म्हणतात ते हे भाषांतर.

पिंपरी-चिंचवडचा सारा पट्टा याच धोरणाच्या लाटेवर उभा राहिला. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याच दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. भोसरीच्या शेडांमधून हजारो छोटे कारखाने सुटे भाग बनवू लागले. नव्या शतकात हा पट्टा इंद्रायणी ओलांडून चाकणला गेला. ज्या चाकणचे नाव फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाएस्तेखानाविरुद्ध लढवलेल्या संग्रामदुर्गामुळे आणि कांद्याच्या बाजारामुळे ठाऊक होते, तिथे बजाज, मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्र यांचे कारखाने उभे राहिले. पद्मिनी घडवणाऱ्या कंपनीचाही प्रवास याच वाटेने झाला. कुर्ल्याच्या मोटारीशी संबंध सुटल्यावर तिचे काम चिंचवडच्या कारखान्यात चालले. तिथे यंत्रे बनत, आणि २००९ मध्ये ‘रिओ’ नावाची एक छोटी गाडीही तिथूनच निघाली. पुढे ती चाकण परिसरात गेली आणि २०२१ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. माझी गाडी ज्या शहरात दुरुस्त होत होती, त्याच शहरात तिची जन्मदात्री संस्था येऊन, थकून, थांबून गेली होती.

तेव्हा ज्या भागात आज दररोज मोटारींचे हजारो दरवाजे तयार होतात, तिथे एका जुन्या दरवाजाची दांडी मिळू नये, हे कोडे वाटेल. आमच्या इमारतीत राहणाऱ्या, साचे बनवण्यात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त कामगार-गृहस्थांनी ते उलगडून दाखवले. असा भाग पोलादी साच्यात दाबाने ओततात. साचा कोरायला महिने लागतात आणि खर्च लाखांत जातो. पण एकदा तो झाला की त्यातून लाखभर नग निघतात आणि खर्च त्या नगांवर वाटला जातो. साचा बहुधा मोटार-कंपनीच्या मालकीचा असतो आणि पडून असतो पुरवठादाराच्या शेडमध्ये. मागणी थांबली की तो जागा अडवू लागतो, मग एके दिवशी वजनावर भंगारात जातो. चार दांड्यांसाठी नवा साचा कोणी करणार नाही. उत्पादनाची अफाट क्षमता आणि जुन्या वस्तूची दुर्मिळता या दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडतात. “आम्ही भाग करायला शिकलो, ठेवायला नाही,” असे ते म्हणाले. मला हे वाक्य या पट्ट्याच्या इतिहासाचे सूत्र वाटते.

मग इतकी वर्षे पद्मिनीचे भाग मिळत कसे होते? त्याचे उत्तर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत आहे. हौशी मालकांच्या प्रेमावर सुट्या भागांचा बाजार चालत नाही, तो चालतो रोज झिजणाऱ्या गाड्यांवर. टॅक्सीवाल्याला दांडी आज हवी असते, कारण पावसात काच उघडी राहिली तर गिऱ्हाईक बसत नाही. हजारो टॅक्सींची ही रोजची गरज होती म्हणून कुर्ल्याच्या आसपास आणि अन्यत्रही छोटे कारागीर दांड्या, कुलपे, रबरे बनवत राहिले. पुण्यातल्या माझ्या सासऱ्यांची खासगी गाडी वस्तुतः मुंबईच्या टॅक्सीचालकांच्या जिवावर चालत होती, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी तेव्हा स्मरणरंजनाचे लेख छापले. त्या दिवशी सुट्या भागांची एक अख्खी परंपराही खंडित झाली, याची बातमी झाली नाही. बोली नाहीशी होते ती तिचे चाहते संपतात म्हणून नव्हे. बाजारहाटासाठी तिची गरज उरत नाही तेव्हा ती जाते.

दांडीच्या शोधात मी प्रथम पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो. बुधवार-रविवारच्या त्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या लोखंडातून वस्तू ओळखण्यासाठी वेगळी नजर लागते. तिथली शब्दकळाही ऐकण्यासारखी आहे. भागाच्या चार जाती सांगितल्या जातात : ‘कंपनीचा’, म्हणजे मूळ पेटीतला, ‘जुना ओरिजिनल’, म्हणजे मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेला, ‘लोकल’, म्हणजे छोट्या कारखान्यात नक्कल करून पण स्वतःच्या हमीवर विकलेला, आणि ‘डुप्लिकेट’, म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा शिक्का मारून फसवणारा. लोकल आणि डुप्लिकेट यांतला हा भेद मला फार महत्त्वाचा वाटला. दोन्ही नकलाच. पण एक आपण नक्कल असल्याचे कबूल करते आणि दुसरी लपवते. वाङ्मयातील अनुकरण आणि वाङ्मयचौर्य यांच्याविषयी आपण वर्गात जे तासभर सांगतो, ते या विक्रेत्यांनी दोन शब्दांत वेगळे केले आहे.

या शब्दांची नोंद कोठे व्हावी? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’मुळे १९१५ सालच्या खेड्यातील कारूनारूंची कामे, हक्क आणि शब्द आपल्यापर्यंत पोचले. दाते-कर्व्यांच्या शब्दकोशात बैलगाडीच्या जू, शिवळ, साटी, आरे या अवयवांना जागा मिळाली. मोटारीच्या दरवाजातील बशी, दांडी, खीळ, काच-मशीन यांना तशी जागा द्यायला हवी. विशेष म्हणजे मिस्त्री ‘खीळ’, ‘आस’, ‘वंगण’ हे शब्द बैलगाडीकडूनच घेतात. मराठीने मोटार आपलीशी केली ती परिभाषा समित्यांमध्ये होण्याआधी गॅरेजमध्ये केली आहे.

जुन्या बाजारात दांडी मिळाली नाही. तिथल्या एका विक्रेत्याने चिखलीजवळच्या कुदळवाडीचे नाव घेतले आणि लगेच स्वतःच म्हणाला, “पण आता तिथं काय राहिलंय?” कुदळवाडी हा या औद्योगिक पट्ट्याचा उकिरडा आणि कोठार दोन्ही होता. कारखान्यांतून निघालेले लोखंड, प्लास्टिक, लाकडी खोकी, बाद झालेले साचे, मोडीत काढलेली वाहने हे सारे तिथल्या पत्र्याच्या शेडांत येई, निवडले जाई आणि पुन्हा बाजारात जाई. २०२५ च्या फेब्रुवारीत महानगरपालिकेने तेथील चार हजारांहून अधिक बांधकामे आठवडाभरात पाडली. बांधकामे अनधिकृत होती, तिथे वारंवार आगी लागत, त्यांच्या घाणीने इंद्रायणी नासत होती, हे सर्व आक्षेप खरे आहेत. नदीवरचा फेस ज्याने पाहिला आहे तो या कारवाईला सहजासहजी चूक म्हणणार नाही. त्याच वेळी, शेकडो मैलांवरून पोटासाठी आलेल्या हजारो माणसांचा तो रोजगार होता, हेही तितकेच खरे आहे. मी तिथे गेलो तेव्हा सपाट केलेल्या जमिनीवर तुटलेल्या पत्र्यांचे ढीग होते. एका कोपऱ्यात दोन-तीन जण तेवढेही निवडत बसले होते.

माझ्या विषयापुरते एवढेच म्हणायचे आहे की, या पट्ट्याच्या साठ-सत्तर वर्षांच्या उद्योगाचे दुसरे दफ्तर नव्हते. कंपन्यांच्या स्वागतकक्षात काचेच्या पेटीत पहिली गाडी ठेवलेली असते. पहिली गाडी हा आरंभाचा पुरावा आहे, वापराचा नव्हे. वापराचा पुरावा झिजलेल्या दात्यांत, पत्र्याच्या चकतीत, लाकडी ठोकळ्यात असतो आणि तो भंगारात असतो. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या दुकानांतून दप्तरे गोळा करीत हिंडले, कारण कागदांची पुडकी बांधली जाण्याआधी ती वाचली पाहिजेत हे त्यांना कळले होते. लोखंडाच्या बाबतीत तशी घाई कोणाला झालेली दिसत नाही. नदी स्वच्छ ठेवणे आणि भंगारातली स्मृती राखणे यांत विरोध असण्याचे कारण नाही. पण पाडकामाच्या यादीत पंचनामा होतो तो बांधकामांचा, आतल्या वस्तूंचा होत नाही.

कुदळवाडीहून परतताना इंद्रायणीच्या अंगाने आलो. वर देहू, खाली आळंदी, पलीकडे चाकण. तुकोबांच्या वह्या या नदीत बुडवल्या गेल्या ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या कथेचा दुसरा भाग चाकणशी जोडलेला आहे. तुकोबांचे टाळकरी संताजी जगनाडे हे चाकणचे तेली, व्यवसायाने घाण्यावरचे माणूस. अभंग लिहून ठेवणाऱ्यांत ते आणि कडूसचे गंगाराम मवाळ यांची नावे परंपरा घेते. वह्या बुडाल्यावर लोकांच्या मुखातले अभंग संताजींनी पुन्हा उतरवले, अशी श्रद्धा आहे. पुढे १८६९ आणि १८७३ मध्ये पंडितद्वयाने मुंबई सरकारच्या आश्रयाने जी गाथा छापली तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील प्रती ताडून पाहिल्या गेल्या. आणि १९१९-२० च्या सुमारास वि. ल. भावे यांनी जगनाड्यांच्या वह्यांवरून जी गाथा प्रसिद्ध केली, तिचे नावच त्यांनी ‘अस्सल गाथा’ असे ठेवले. अस्सल कोणती यावर अभ्यासकांचा वाद झाला आणि तो पूर्णपणे मिटणारा नाही. परंतु देहूकरांची, तळेगावची, कडूसची प्रत अस्सल नाही म्हणून वारकऱ्याने ती टाकून दिली नाही. नदीत गेलेली वस्तू परत आली ती अनेकांच्या हातांतून आली, आणि प्रत्येक हाताने तिच्यावर काही ठेवले.

ज्या देहू-तळेगाव-कडूस-चाकण या परिघात गाथेचे पाठ जपले गेले, तोच परिघ आज मोटारींचा पट्टा आहे, हा भूगोलाचा योगायोग आहे. त्यावरून काही सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. मात्र पाठचिकित्सेने शिकवलेली एक शिस्त या पट्ट्याला उपयोगी पडेल असे वाटते. संपादक मूळ पाठ शोधतो, आणि पाठभेद तळटीपेत ठेवतो. फेकून देत नाही.

जुन्या मोटारींच्या जगात मात्र सध्या ‘फेकून देण्या’चीच रीत आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय केली. ती स्वागतार्ह आहे. पण तिच्या आगेमागे जीर्णोद्धाराची जी फॅशन आली तिच्यात गाडी जणू काल कारखान्यातून निघाली अशी दिसावी, हाच आदर्श झाला आहे. एका हौशी मित्राने मला सल्ला दिला की चारही दांड्या परदेशातून, इटालियन ११०० च्या म्हणून विकल्या जाणाऱ्या, मागव. तसे केले असते तर चारही दरवाजे सारखे आणि झगझगीत दिसले असते. पण कुर्ल्याच्या भाषांतराच्या जागी तूरिनचा मूळ पाठ घातला गेला असता. पत्र्याची चकती आणि पेन्सिलीची ओळ केराच्या टोपलीत गेली असती. आणि त्याला आम्ही ‘ओरिजिनल’ म्हटले असते.

शेवटी आम्ही केले ते असे. डाव्या पुढच्या दरवाजाची मी मोडलेली दांडी जोडून, तिचा मेणात ठसा घेतला. त्यावरून एका ओताऱ्याने पितळेच्या दोन दांड्या ओतल्या. भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये त्यांच्या मानेत आसाच्या मापाचे दाते कापून घेतले. क्रोमचा मुलामा द्यायचा नाही असे ठरवले. एक तर त्या मुलाम्याच्या सांडपाण्याचे पुढे काय होते ते नदीकाठी पाहिले होते, आणि दुसरे, नवी दांडी नवी दिसली पाहिजे. त्यांतली एक डाव्या पुढच्या दरवाजाला, दुसरी मागच्या डाव्याला, जिथे ठोकळा होता, लावली. उजव्या पुढच्या दरवाजाची परकी दांडी आणि तिची चकती स्वच्छ करून पुन्हा तिथेच बसवली. ती नीट चालते. मागच्या उजव्या दरवाजाची स्क्रूची दांडीही राहू दिली. गाडी बघायला येणारे विचारतात की चारही दांड्या वेगळ्या का. त्यांना हे सारे सांगायला अर्धा तास लागतो.

ठोकळा मी घरी आणला आहे. मोडकी मूळ दांडी त्याच्याशेजारी कपाटात आहे. पुठ्ठा परत चढवण्याआधी मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. १९९४ च्या ओळीखाली मी लिहिले : ‘डा. मा. दांडी नवी, पितळ, ओतीव. ठोकळा काढला, जपला आहे.’ खाली महिना आणि साल घातले. नाव लिहू का, असे मी विचारले. मिस्त्री म्हणाले, “लिहा ना. माझंही लिहा.” दोन्ही नावे लिहिली, आणि मग त्यांनी पुठ्ठ्याच्या क्लिपा एकेक करून तळहाताने ठोकून बसवल्या.